वहिनींच्या पाण्याचा हिशोब

पुणे, रविवार रात्र

प्रिय नंदू,

वहिनींच्या पिट्यूटरीच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या) गाठीचं नाकातून केलेलं ऑपरेशन नीट झालं हे वाचून बरं वाटलं. दुसऱ्याच दिवसापासून वहिनी सारखं गार पाणी मागतायत, लघवीची पिशवी भराभर भरतेय आणि कुणीतरी 'डायबेटिस' म्हणालं, म्हणून तू हबकलायस. म्हणाले तो डायबेटिस इन्सिपिडस, थोडक्यात डीआय; साखरेचा इथे काही संबंध नाही. मूत्रपिंडाला पाणी राखायला लावणारं व्हॅसोप्रेसिन हायपोथॅलॅमसमध्ये बनतं आणि पिट्यूटरीच्या मागच्या भागात साठतं. गाठ काढताना तो भाग किंवा वरचा देठ दुखावला की पाणी सुटतं. बहुतेकांचं काही दिवसांत आपोआप थांबतं. या नावाच्या घोळापायीच २०२२ साली 'एव्हीपी डेफिशियन्सी' (एव्हीपी म्हणजे व्हॅसोप्रेसिनच) हे नवं नाव सुचवलं गेलं. तरी शिफ्ट बदलली की नव्या नर्सला सांगच: साखरेचा नाही, डॉक्टरांनी सांगितलेलं डेस्मोप्रेसिन (व्हॅसोप्रेसिनची जागा घेणारं औषध) चुकवू नका.

नुसती लघवी वाढली म्हणजे डीआय झाला असं नाही. ऑपरेशनमध्ये चढवलेलं सलाइन बाहेर पडतंच, स्टिरॉइडने साखर चढली तरी लघवी वाढते. सलग दोन-तीन तास ताशी २५० मिलीच्या वर, पाण्यासारखी फिक्की, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (लघवी किती दाट ते) १.००५च्या खाली आणि रक्तातलं सोडियम १४५च्या पुढे, असं जुळलं की शंका उरत नाही.

तहान लागेल तेवढं साधं पाणी द्या. इलेक्ट्रॉल, मीठ-साखरेचं सरबत नको. शरीरातून जातंय ते निव्वळ पाणी, वर मीठ घातलं तर लघवी आणखी वाढते. गुंगीत असलेल्या माणसाला तहान सांगता येत नाही, तेव्हा आकड्यांवरच लक्ष.

खरी गोम पुढे आहे. काही जणांत पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास दुखावलेल्या पेशींतला व्हॅसोप्रेसिनचा साठा एकदम सुटतो आणि लघवी आटते. घरचे खूश होतात, तांब्या मात्र उशाशी तसाच भरलेला. मग सोडियम उतरतं: डोकं दुखतं, मळमळतं, झापड येते, पार झटक्यापर्यंत जातं. म्हणून घरी सोडलं तरी सातव्या दिवसाच्या आसपास सोडियम तपासायचंच. तेव्हा उतरलेलं निघालं तर पाणी किती कमी करायचं ते डॉक्टर सांगतील. हा साठा संपल्यावर डीआय परत आला, तर तो बहुधा कायमचा.

नाकात पॅक असेतो डेस्मोप्रेसिनचा स्प्रे चालत नाही, म्हणून आधी इंजेक्शन, १-२ मायक्रोग्रॅम, मग ०.१ मिग्रॅची गोळी. या दिवसांत आधीच्या डोसचा असर उतरून लघवी मोकळी झाल्यावरच पुढचा डोस देतात. घड्याळ लावून गोळ्या देत बसलं की पाणी तुंबतं. हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉल या संप्रेरकाच्या जागी देतात ती गोळी) मात्र मनाने थांबवू नका. कॉर्टिसॉल कमी असेतो डीआय झाकलेला राहतो, ती गोळी सुरू झाली की लघवी वाढलेली दिसू शकते. घाबरून गोळी बंद करशील, म्हणून आधीच सांगतोय.

घरी एक लिटरचा खुणांचा मग आण आणि वही कर: वेळ, प्यायलेलं, गेलेलं. चहा, ताक, आमटीही धर. रोज सकाळी लघवी झाल्यावर, खाण्याआधी वजन. रात्रीत किलोभर फरक पडला तर तो पाण्याचाच. झापड, उलट्या, असंबद्ध बोलणं यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता इमर्जन्सीत ने, वही बरोबर घे.

सोडियमचा आकडा आला की कळव. आणि काटा फरशीवर ठेव, सतरंजीवर नको, वजन चुकतं.

तुझा,
अवि