चांदी राहू दे, आधी फुग्याकडे बघ

कोथरूड, पुणे

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. शिरोलीच्या कारखान्यात सलाइनच्या नळ्यांबरोबर व्हेंटिलेटरवरील रुग्णाच्या श्वासनलिकेत घालायची नळीही काढावी आणि तिला चांदीचा मुलामा देऊन न्यूमोनिया टाळावा, हा तुझा बेत वाचला. नळी जरूर काढ. सुरुवात मात्र चांदीपासून करू नकोस.

व्हेंटिलेटर लावून ४८ तास उलटल्यावर होणाऱ्या न्यूमोनियाचे जंतू बहुधा यंत्रातून येत नाहीत, रुग्णाच्याच तोंडातून आणि घशातून येतात. शुद्धीवरचा माणूस लाळ गिळतो, ठसका लागला की खोकतो. नळी घातली की स्वरपट्ट्या मिटू शकत नाहीत, गुंगीच्या औषधाने खोकला मंदावतो आणि लाळ खाली उतरून नळीभोवतीच्या फुग्यावर (नळी आणि श्वासनलिका यांमधली फट बंद करायला बसवलेल्या हवेच्या फुग्यावर) साचत राहते. आपल्याकडच्या अतिदक्षता विभागांत त्या साठ्यात क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास अशी औषधांना न जुमानणारी मंडळी असतात. ती फुप्फुसात उतरली की अनेकदा कोलिस्टिनसारख्या, मूत्रपिंडाला जड जाणाऱ्या औषधापर्यंत जावे लागते.

म्हणजे प्रश्न मुख्यतः फुग्याचा आहे. आर्थर ग्वेडेल आणि राल्फ वॉटर्स या अमेरिकन भूलतज्ज्ञांनी १९२८ मध्ये फुग्याच्या नळीचे वर्णन प्रसिद्ध केले. फुगा पाणी अडवतो हे दाखवण्यासाठी ग्वेडेलने आपल्या कुत्र्याला भूल देऊन, नळी घालून चक्क पाण्यात बुडवून ठेवले होते. (कुत्रा सुखरूप जागा झाला, काळजी नसावी.) पुढे कित्येक वर्षे वापरात असलेले रबराचे फुगे लहान आणि ताठ असत, ते श्वासनलिकेवर इतके दाबून बसत की तिथे जखमा होत. म्हणून १९७० च्या दशकापासून मोठे, मऊ फुगे आले. असा फुगा पूर्ण फुगला तर श्वासनलिकेपेक्षा रुंद होतो, त्यामुळे कमी दाबातही तो भिंतीला टेकतो. पण जास्तीचे प्लास्टिक कुठे तरी जायला हवे, म्हणून त्याला साडीच्या निऱ्यांसारख्या घड्या पडतात आणि त्या घड्यांमधून लाळ थेंबाथेंबाने खाली झिरपते. श्वासनलिका वाचवण्यासाठी केलेल्या सुधारणेनेच फुप्फुसाची वाट उघडी ठेवली.

तुझे कौशल्य इथे कामाला येईल. पीव्हीसीच्या फुग्याची जाडी साधारण ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा फुगा सुमारे ७ मायक्रॉनपर्यंत पातळ करता येतो. घड्या बारीक झाल्या की प्रयोगशाळेत गळती कितीतरी कमी दिसते. निमुळत्या फुग्यांचेही तसेच होते. मात्र रुग्णांवरील चाचण्यांत निमुळत्या आकाराने न्यूमोनिया कमी झाल्याचे दिसलेले नाही, म्हणून प्रयोगशाळेतल्या आकड्यांवर भाळू नकोस. शिवाय फुग्यातला दाब २० ते ३० सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका राहावा लागतो; त्याहून कमी झाला तर गळती वाढते, जास्त झाला तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटू लागतो. सिस्टरने ड्यूटीच्या सुरुवातीला मोजून ठेवलेला दाब रुग्णाची कूस बदलली तरी बदलतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो अजूनही बोटांनी चाचपूनच ठरवतात. दाब आपोआप राखणारे स्वस्त, वीज न लागणारे साधन कोणी दिले, तर माझ्या मते ते चांदीपेक्षा मोलाचे ठरेल.

दुसरी गोष्ट म्हणजे फुग्याच्या वर, नळीच्या पाठीमागच्या बाजूला उघडणारी बारीक जादा वाहिनी, जिच्यातून साचलेली लाळ ओढून घेता येते. अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या तर तिने न्यूमोनियाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर येते, मृत्यू कमी होतात का, यावर मात्र एकमत नाही. तिच्या अडचणी अगदी कारखान्याच्या आहेत: घट्ट स्रावाने ती तुंबते, सक्शन जोरात लावले तर अस्तरच भोकात ओढले जाते, आणि आतला व्यास ८ मिलिमीटर तोच ठेवला तर बाहेरचा वाढतो. भोकाचा आकार आणि जागा यांवर डोके लढव.

आता चांदी. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत साध्या नळीच्या रुग्णांपैकी ७.५ टक्क्यांना, तर चांदीच्या नळीच्या ४.८ टक्क्यांना न्यूमोनिया झाला. पण मृत्यू किंवा रुग्णालयातला मुक्काम घटला नाही. चांदी जंतूंचा थर रोखते, फुग्याभोवतीची गळती रोखत नाही. एवढ्या फरकासाठी वाढणारी किंमत आपल्या जिल्हा रुग्णालयांना पेलणार नाही.

बाकी उपाय तुझ्या हातात नाहीत, पण ठाऊक असावेत: डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवणे, दात ब्रशने घासणे (क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने तोंड धुण्याची शिफारस २०२२ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी काढून घेतली), आणि रोज गुंगी उतरवून रुग्ण स्वतः श्वास घेतो का ते पाहणे. नळी एक दिवस जरी लवकर निघाली, तरी तेवढा धोका टळतो.

तेव्हा आधी फक्त फुग्याचे तीन-चार नमुने कर, वेगवेगळ्या जाडीचे. २० मिलिमीटर आतल्या व्यासाचा पारदर्शक ॲक्रिलिकचा पाइप आणि दाबमापक मी आणून ठेवतो. २५ सेंटिमीटर दाबावर फुग्यावर निळे पाणी ओतून रात्रभर ठेवू आणि सकाळी खाली किती उतरले ते मोजू. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिमरची जाणकार मंडळी आहेत, त्यांनाही नमुने दाखवू. परवान्यासाठी २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होतील, ते येण्यापूर्वी एकदा वाचून ये. पुढच्या महिन्यात रविवार धरून दोन दिवस काढ, आणि येताना वहिनींनाही आण.

तुझा,
श्रीकांत