यंत्र नको, नळ द्या : ग्रामीण रुग्णालयासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या ग्रामीण रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये हात धुवायला एक नळ आहे. साधा, फिरकीचा. सिस्टर तो उघडतात तेव्हा हात मळलेले असतात, बंद करतात तेव्हा स्वच्छ. म्हणजे मघाशी नळाला लागलेले सगळे पुन्हा हातावर येते आणि तोच हात नुकत्या जन्मलेल्या बाळाला लागतो. लांब दांडीचा, कोपराने उघडझाप होणारा नळ बसवला की हे थांबते. लेबर रूम, ड्रेसिंग रूम आणि तिन्ही वॉर्ड धरून असे बारा नळ हवेत. हे पत्र मुख्यतः त्यासाठीच.

एवढ्याशा नळाने काय होणार, असे समितीच्या बैठकीतही एकाने विचारले. १८४७ साली व्हिएन्नाच्या इस्पितळात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने बाळंतिणींना तपासण्याआधी क्लोरिनच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. त्या एप्रिलमध्ये त्याच्या वॉर्डात शंभरातल्या १८ बायका दगावल्या होत्या, जूनमध्ये २. तरी बरोबरीच्या डॉक्टरांनी त्याला वेड्यात काढले. तेव्हा आमच्या बैठकीतल्या शंकेचे फारसे नवल नाही.

दुसरी गरज मनगटपट्ट्यांची. बायकांच्या वॉर्डात मध्यंतरी एकाच नावाच्या आणि आडनावाच्या दोघी शेजारशेजारच्या खाटांवर होत्या. रात्रपाळीच्या सिस्टरने इंजेक्शन भरले, नाव पुकारले, आणि झोपेतल्या भलत्याच बाईने ‘हो’ म्हटले. तिची सासू जागी होती म्हणून निभावले. ‘हिचं सकाळीच झालंय, बाई,’ एवढेच ती म्हणाली. सिस्टरना दोष देऊन उपयोग नाही. त्या रात्री दोन वॉर्ड आणि एक अडलेली बाळंतीण, सगळे एकटीच्या अंगावर होते. त्यांनी हा प्रकार लपवला नाही, दुसऱ्या दिवशी स्वतः अधीक्षकांना सांगितला, हे आम्हाला मोलाचे वाटते. आता नियम केला आहे : नाव पेशंटने स्वतः सांगायचे, आपण पुकारून ‘हो’ घ्यायचा नाही, आणि सुई टोचण्याआधी पट्टीवरचा नोंदणी क्रमांक केसपेपरशी ताडून पाहायचा. पण त्यासाठी आधी पट्ट्या हव्यात. आईची आणि बाळाची जोडी वेगळी. वर्षभराचा साठा करायचा विचार आहे.

तिसरे, संडासाची वाट. म्हातारी माणसे रात्री उठतात, फरशी ओली असते, धरायला काही नसते. पावसाळ्यात तर नातेवाइकांच्या चपलांचा चिखलही त्यात येतो. भिंतीला आधाराच्या दांड्या आणि वाटेवर रात्रभर जळणारे मंद दिवे बसवायचे आहेत. दांड्या तालुक्यातल्याच एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याने करून दिल्या तर उत्तम. पाइप आम्ही आणतो, त्यांनी फक्त मजुरी सोडावी.

बाळांच्या खोलीतले विजेचे काम मात्र देणगीतून करणार नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळे गेली. तेव्हापासून बाळांच्या खोलीतला एका सॉकेटवर तीन यंत्रे लावलेला बोर्ड पाहिला की पोटात गोळा येतो. हे काम सरकारनेच, अधिकृत तपासणी करूनच करायला हवे. समितीचा पाठपुरावा चालू आहे. त्यासाठी केलेल्या अर्जावर गावोगावच्या सह्या हव्यात, अर्ज कार्यालयात ठेवला आहे.

आता थोडे स्पष्ट बोलतो. वाढदिवसाला केळी-बिस्किटे वाटून, आजारी माणसाच्या हातात पुडा देऊन फोटो काढणे कृपा करून थांबवा. घरातली उरलेली औषधे आणू नका, ती आम्ही कोणालाही देऊ शकत नाही. आणि मोठे यंत्र देऊ करणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे की आधी ते चालवणार कोण हे विचारा. मागे मिळालेले एक यंत्र कव्हर घालून जिन्याखाली उभे आहे. त्यावरची दात्याच्या नावाची पाटी तेवढी मावशी रोज पुसतात.

पैसे नसतील तर वेळ द्या. ओपीडीत औषधाच्या खिडकीबाहेर सकाळी दोन तास बसायला निवृत्त शिक्षक किंवा वाचता येणारे कोणीही हवे आहे. फार्मासिस्टने लिहिलेला डोस पेशंटला वाचून दाखवायचा, पाकिटावर सकाळच्या गोळीसाठी सूर्य आणि रात्रीच्या गोळीसाठी चंद्र काढायचा, आणि ‘आता तुम्ही सांगा, कधी घ्यायची?’ असे उलट विचारायचे. औषधाबद्दल स्वतःचा सल्ला द्यायचा नाही. गेल्या महिन्यात दोघांनी हे करून पाहिले. रक्तदाबाची गोळी ‘चक्कर आली की’ घेणारे किती निघाले, ते त्यांच्याच तोंडून ऐका.

देणगी रुग्ण कल्याण समितीच्या नावे धनादेशाने किंवा रोख, रुग्णालयाच्या कार्यालयात ओपीडीच्या वेळेत द्यावी. पावती घेतल्याशिवाय उठू नका. जमाखर्च दर महिन्याला केसपेपरच्या खिडकीशेजारच्या फळ्यावर लागेल. १७ सप्टेंबरला जागतिक रुग्णसुरक्षा दिन असतो, त्याआधी निदान लेबर रूमचे नळ बसवायचे आहेत. प्लंबर ठरला आहे, तो एक दिवस फुकट येतो म्हणाला आहे.

आपली,
रुग्ण कल्याण समिती, ग्रामीण रुग्णालय