पाटाच्या कडेने चालत जा

नाशिक

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, जूनमध्ये खोली सोडायचीय, त्याआधी गाडी काढून दोन दिवसांत सात पांढरी गावं उरकून टाकतो." तुझा तो 'उरकून' शब्द दोन दिवस डोक्यातून गेला नाही. फोनवर मला मनातलं नीट मांडता येत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

दक्षिण स्पेनमधल्या, चुन्याने रंगवलेल्या त्या गावांची तुझी यादी चांगलीच आहे. सेतेनिलला जरूर जा. कातळाच्या कपारीखाली घरं घातलीत, वर डोंगर तेच छप्पर, असं गाव पुन्हा कुठे दिसायचं? रोंदाचा 1793 साली पुरा झालेला पूलही बघ. पण एकापाठोपाठ सात गावं केलीस, की दुपारपर्यंत सगळी सारखीच पांढरी दिसायला लागतील. चुन्याच्या भिंती, कुंड्या, चर्च, पुन्हा गाडी. माझं मागणं एवढंच आहे की त्यातली पाच गावं गाळ आणि चार दिवस आल्पुहारा या डोंगरी भागात राहा. तुझ्या ग्रानादापासून सत्तरएक किलोमीटर, बसने दोन तास. सप्टेंबरात आम्ही दोघं गेलो तेव्हा तुझ्या कामामुळे तुला येता आलं नव्हतं. आम्ही काय बघितलं हे मी तुला अजून धड सांगितलेलंच नाही, त्याची रुखरुख आहे.

सिएरा नेवादा डोंगररांगेच्या दक्षिण उतारावर पोकेइरा नदीची खोल घळ आहे. तिच्या एका अंगाला एकावर एक तीन गावं: पांपानेइरा, त्याच्या वर बुबिओन, सगळ्यात वर कापिलेइरा, जवळजवळ 1,440 मीटरवर. तिन्ही मिळून हजार-बाराशे माणसं. मागे मुलासेन, 3,479 मीटरचा, स्पेनच्या मुख्य भूमीवरचं सगळ्यात उंच शिखर. तिन्ही गावं पायवाटेने जोडलेली आहेत. वरून खाली उतर, तुझ्या आईच्या गुडघ्यांनाही ते जमलं.

कापिलेइराच्या वरच्या गल्लीत उभं राहिलं की खालच्या घरांची छपरं पायांशी येतात. सपाट, करड्या मातीची छपरं. ती बघून मी तिथेच थबकलो. अगं, ही तर आपली धाबी! आपल्या साक्रीकडचं जुनं घर तू पाहिलं नाहीस. सागाच्या सऱ्या, त्यावर फळ्या, त्यावर माती, आणि दर पावसाळ्याच्या आधी माझी आजी धाब्यावर खारी माती टाकून घ्यायची. इथे चेस्टनटची तुळई, तिच्यावर पाटीच्या दगडाच्या लाद्या आणि वर 'लाउना' नावाची निळसर करडी माती. ती कोरडी असताना भुशासारखी मोकळी असते, पाऊस पडला की घट्ट बसते आणि पाणी आत येऊ देत नाही. लाउना चंद्र उतरणीला असतानाच टाकायची, अशी तिथली रीत आहे. गल्लीवरून एका घरातून दुसऱ्या घरात जाणारा तुळयांचा झाकलेला भाग दिसेल, त्याला 'तिनाओ' म्हणतात. त्याच्या सावलीत बायका खुर्च्या टाकून बसलेल्या असतात. जवळून जाताना त्या 'आदिओस' म्हणतील. मला आधी वाटलं, या निरोप का देताहेत? तिथे वाटेत भेटल्यावरही तोच शब्द चालतो. आपण निघताना 'येतो' म्हणतो ना, तसं काहीसं.

पण मला सांगायचंय ते पाण्याबद्दल.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या वरच्या अंगाला पाण्याचा आवाज येत होता. मी एकटाच त्या दिशेने चढलो. डोंगराला बिलगून हातभर रुंदीचा मातीचा पाट चाललेला, कडेने चेस्टनटची झाडं, फळांची काटेरी बोंडं अजून हिरवीच. याला ते 'आसेकिया' म्हणतात. हा मूळ अरबी शब्द, 'साकिया'. गझलेतला साकी तो याच धातूतला, पाणी पाजणारा. थोडं पुढे एक म्हातारबाबा पाटात उतरलेले. हातात लांब दांड्याची कुदळ, तिचं पातं आपल्या फावड्यासारखं रुंद. त्यांनी पाटाच्या कडेची एक लादी उचलली, पाटात आडवी लावली, शेजारची गवताची ढेपळं उपटून तिच्या बुडाशी दाबली. पाणी चढलं, थांबलं आणि वळून खालच्या पायरीच्या वाफ्यात शिरलं. तिथे घेवडा होता आणि टोमॅटो. माऊ, मी एकतीस वर्षं पाटबंधाऱ्यात काढली. ते काय करताहेत हे सांगायला मला दुभाष्या नको होता. ते दारं धरत होते. लादीच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी झिरपत होतं, ते मला दिसलं. मी न राहवून खाली बसलो आणि मूठभर चिखल तिथे दाबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काही बोलले नाहीत, कुदळ माझ्या हातात दिली. मग मनगटावरचं घड्याळ दाखवून दोन बोटं वर केली. दोन तासांची पाळी!

माझे आजोबा पांझरा नदीकाठी पाटकरी होते. फड म्हणजे एका पाटाच्या पाण्यावर सगळ्यांनी मिळून पिकवायची शेती. फडावरच्या कुणाला किती पाणी, कुणाच्या नंतर कोण, सगळं त्यांच्या तोंडी असायचं. पुढे वर धरणं झाली, विहिरी-बोअर वाढले, एकेक फड मोडत गेला. आमच्या गावाचा मोडला तेव्हा मी नोकरीत होतो. आजोबांना विचारून हे सगळं लिहून ठेवायला हवं होतं, ते मी केलं नाही. त्या उतारावर कुदळ हातात घेतली तेव्हा मला ते आठवलं. घसा दाटून आला होता, आईला मी हे सांगितलं नव्हतं.

तिथली हकीकत अशी की हे पाट बहुतेक मुसलमान राजवटीतले. 1492 मध्ये ग्रानादा ख्रिस्ती राजांच्या हाती पडलं. त्यानंतर जबरदस्तीने ख्रिस्ती केलेल्या लोकांना 'मोरिस्को' म्हणत. भाषा, पेहराव, रीतिरिवाज यांवर बंदी आली, तेव्हा 1568 च्या नाताळात याच डोंगरात त्यांनी बंड केलं. ते 1571 पर्यंत चाललं. बंड मोडता मोडता राजाने त्यांना ग्रानादाच्या मुलखातून उठवलं आणि गालिसिया, लेओन, कास्तिया इथून नवी माणसं आणून वसवली. पण वसाहतकऱ्यांना या उतारावरचं पाणी कळेना. म्हणून दर गावात दोन मोरिस्को कुटुंबं मागे ठेवली, पाणी शिकवायला, असं तिथे सांगतात. ती दोन कुटुंबं माझ्या मनातून जात नाहीत. भाऊबंद, शेजारी सगळे हाकललेले, आणि आपण त्यांच्याच शेतात आलेल्या परक्या माणसाला दारं कसं धरायचं ते दाखवायचं. पण त्यांनी दाखवलं असणार, कारण पाट अजून वाहतोय.

अजून एक गोष्ट, ही मात्र मी पाहू शकलो नाही. गावांच्या खूप वर, बर्फाच्या जवळ, 'आसेकिया दे कारेओ' नावाचे पाट आहेत. वसंतात बर्फ वितळायला लागलं की पाणी त्यात घेतात, डोंगराच्या कडेकडेने नेतात, आणि जिथे खडक फुटका, जमीन भुसभुशीत, तिथे मुद्दाम सोडून देतात. ते जमिनीत मुरतं आणि काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी खालच्या झऱ्यांतून वर येतं, ऐन उन्हाळ्यात, गरज असते तेव्हा. नदीत राहिलं असतं तर केव्हाच समुद्राला मिळालं असतं. आम्ही कालव्याची गळती तोट्याच्या रकान्यात लिहायचो. ती बंद करायला अस्तरीकरणाचे प्रस्ताव पाठवण्यात माझी निम्मी नोकरी गेली. आणि इथे हजारेक वर्षांपूर्वी माणसं ठरवून गळती करत होती! मला हे या वयात कळलं, याचं वाईटही वाटतं आणि फार आनंदही होतो. मधल्या काळात माणसं शहरात गेली, बरेच पाट बुजले. तुमच्याच ग्रानादा विद्यापीठातली मंडळी 2014 पासून गावकऱ्यांना आणि स्वयंसेवकांना बरोबर घेऊन ते उकरताहेत. जमलं तर एखाद्या शनिवारी तूही जा. फावडं धरता येतं तुला, लहानपणी मीच शिकवलंय.

खाण्याचं सोपं आहे. 'पापास आ लो पोब्रे' माग. बटाट्याच्या चकत्या, हिरवी ढोबळी मिरची, कांदा आणि लसूण ऑलिव्हच्या तेलात मंद आचेवर शिजवतात, मऊ होईपर्यंत. आईने दोनदा घेतलं. भाजीच्या पदार्थातही हॅमचे तुकडे पडतात, म्हणून आधी 'सिन हामोन' सांग. दुपारी दोननंतर दुकानं मिटतात, पाव सकाळीच घेऊन ठेव. परतीच्या बसची वेळ पावाच्या दुकानात विचार. आम्ही न विचारता थांबलो आणि बस चुकली, पण त्यामुळे एक रात्र जास्त मिळाली.

मे महिन्यात जा, बर्फ वितळत असताना. कापिलेइरात कुणालाही विचार, पाणी सोडणारा माणूस कोण, त्याला 'आसेकिएरो' म्हणतात. तुला त्यांची भाषा येते, मला येत नव्हती. माझ्यासाठी एवढं विचारून घे: पाळी कोण ठरवतं? रात्रीची पाळी कुणाच्या वाट्याला येते? दुष्काळात आधी कुणाचं पाणी कापतात? हे कुठे लिहिलेलं आहे की त्यांच्याही तोंडी आहे? तोंडी असेल तर वहीत उतरवून घे, मोबाइलमध्ये नको. आणि वरच्या पाटात हात घालून बघ, पाणी किती गार आहे ते मला कळव.

तुझा,
बाबा

ता. क. पांपानेइरातून आणलेली चिंध्यांची सतरंजी, ती 'हारापा', आईने देवघरापुढे घातलीय. अजून एक हवी म्हणते, तांबड्या पट्ट्यांची.