गुरुजींची कपबशी

७ डिसेंबर २०२४

प्रिय बाळ्या,

फोनवर तू एकच विचारलंस, "डिपॉझिट तरी वाचलं का?" नाही वाचलं. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात, तिथवर विधानसभेला अपक्ष उभे राहिलेले आपले गुरुजी पोचले नाहीत. अर्जासोबत भरलेले दहा हजार सरकारजमा. पण नुसता आकडा सांगून भागण्यासारखं हे प्रकरण नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर, ऐन धनत्रयोदशी. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे त्याचं नाव सुचवणारा मतदार, पुरतो, अपक्षाला दहा लागतात आणि ते दहाही त्याच मतदारसंघातले. सणासुदीला दहा माणसं गोळा करून तहसीलला न्यायची म्हणजे काय ते तुला कळेल. त्यातून एकाचं नाव शेजारच्या मतदारसंघाच्या यादीत निघालं. मग गेटबाहेर चहा पीत उभा असलेला गुरुजींचा जुना विद्यार्थी धरून आणला.

माघारीची मुदत ४ नोव्हेंबरला दुपारी तीनची, म्हणजे भाऊबीजेचा दुसरा दिवस. मधल्या काळात "गुरुजी, यंदा बसा" असं सांगायला फराळाच्या निमित्तानं कोण कोण येऊन गेलं, विचारू नकोस. एकानं तर जिल्हा परिषदेचं तिकीटच देऊन टाकलं. गुरुजी म्हणाले, "चिवडा घ्या."

तीननंतर चिन्हवाटप झालं. अर्जात तीन पसंत्या दिल्या होत्या, मिळाली कपबशी. आणि प्रचार थांबणार १८ तारखेला संध्याकाळी. म्हणजे हातात दोनच आठवडे. मला विचारशील तर अपक्षाचा निकाल इथंच लागतो. तो किती चांगलं बोलतो हा प्रश्न फार पुढचा, आधी त्याचं चिन्ह घरोघर पोचायला हवं. चिन्हाचं महत्त्व लोकसभेला दिंडोरीत दिसलंच की. 'तुतारी वाजवणारा माणूस' एकाचा आणि नुसती तुतारी दुसऱ्याची, वर आडनावही तेच. त्या अपक्षाला लाखावर मतं पडली! आमच्या यादीत कपबशीसारखं दिसणारं काही नव्हतं, एवढंच सुख.

दुःख दुसरं. एका मशीनवर 'नोटा'चं, म्हणजे 'यांपैकी कुणीही नाही'चं, बटण धरून सोळा बटणं. उमेदवार पंधराच्या वर गेले की दुसरी मशीन जोडतात. पक्षवाले वर, अपक्ष खाली, त्यामुळे गुरुजी गेले दुसऱ्या मशीनवर, वरून तिसरे. प्रचारासाठी नमुना मशीन ठेवता येते, पण ती खऱ्याच्या निम्म्या आकाराची आणि वेगळ्या रंगाची हवी. आम्ही प्लायवूडची करून पिवळी रंगवली. वस्तीवर एका आजीपुढं गुरुजी ती घेऊन बसले. आजीनं बेधडक पहिलंच बटण दाबलं.

"आजी, ते नाही. दुसरी मशीन, वरून तिसरी. कपबशी."

"वरचंच दाबत्यात की सगळे."

"तुम्ही खालचं दाबा."

तीनदा घोटून घेतलं, पहिलीच्या पोराकडून घेत होते तसंच. चौथ्या वेळी आजीनं बरोबर दाबलं आणि विचारलं, "पर माझं पंधराशे बंद व्हनार न्हाईत ना?"

खरी निवडणूक तिथं, लाडक्या बहिणीच्या महिन्याच्या पैशांवर, चालली होती, बाळ्या. एकीकडून एकवीसशेचा शब्द, दुसरीकडून तीन हजारांचा, आणि आपले गुरुजी शाळेच्या गळक्या वर्गांवर बोलणार! बाप्यांमध्ये विषय सोयाबीनचा. हमीभाव क्विंटलला ४,८९२ आणि बाजारात चार हजारांच्या आसपास. गुरुजी बोलायला लागले की माना डोलायच्या. पण "तुम्ही निवडून आलात तरी एकटे काय करणार?" या प्रश्नाला त्यांच्याकडं उत्तर नव्हतं, आणि खोटं द्यायचं त्यांनी नाकारलं. मला ते पटलं. मतांच्या हिशेबात महाग पडलं, हेही तितकंच खरं.

खर्चाची वही माझ्याकडं होती. मर्यादा ४० लाखांची. आपण तिच्या सावलीलाही गेलो नाही, तरी तपासणी सगळ्यांना सारखीच. वेगळं बँक खातं, रोजची नोंद, वही तीनदा निरीक्षकांपुढं. चहापासून मंडपापर्यंत सगळ्याचं प्रशासनाचं दरपत्रक असतं. कुणी फुकट जीप दिली तरी तिचं भाडं दराप्रमाणं खर्चात धरायचं. चहाचंही तेच. चिन्ह कपबशी, त्यामुळं जाईल तिथं लोक हौसेनं चहा पाजायचे आणि मी कप मोजत बसायचो. रात्री वही लिहिताना गुरुजी शेजारी बसून माझं शुद्धलेखन तपासायचे, ते वेगळंच.

आता कामाचं. निकालापासून तीस दिवसांत अंतिम हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडं द्यावा लागतो. तो चुकवला तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो, आणि गुरुजींच्या डोक्यात जिल्हा परिषद अजून आहे. तू खात्यावर पाठवलेले पाच हजार देणगी म्हणून दाखवलेत. तिथं तुझं पूर्ण नाव आणि पत्ता लागतो. तुझा हिंजवडीचा नवा पत्ता माझ्याकडं नाही, तेवढा चार दिवसांत कळव. आणि नाव 'बाळ्या' चालत नाही, आधारवरचं लिही.

तुझा,
पक्या