बाग ताणावर आहे तोवर अंदमान पाहून या

नागपूर,
१० नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळीत वरुडला आले होते तेव्हा बाबा बोलता बोलता म्हणाले की संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड आटोपली आणि बाग ताणावर सोडली, म्हणजे फुलोऱ्यासाठी तिचे पाणी बंद केले, की पुन्हा पाणी सुरू करेपर्यंत शेतात फारसे काम उरत नाही. तेव्हापासून माझ्या मनात एकच विचार घोळतो आहे, तो आज सविस्तर लिहिते. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात तुम्ही दोघांनी अंदमानला जाऊन यावे, अशी माझी आणि तुमच्या जावयांची मनापासून इच्छा आहे. त्या दिवसांत तिकडचा पाऊस सरलेला असतो, समुद्र बराच शांत असतो आणि ऊन लखलखीत असूनही सोसवण्याजोगे असते. बागेकडे सालदार लक्ष देईल, आणि ताण तोडायच्या आत बाबा घरी परतलेले असतील.

आम्ही मागच्या हिवाळ्यात जाऊन आलो, त्यामुळे काय पाहावे हे मला सांगता येईल. पण काय सोडून द्यावे हेही तितक्याच आग्रहाने सांगायचे आहे. सहलीच्या कंपन्या पाच-सहा दिवसांत इतकी ठिकाणे कोंबतात की माणूस निम्मा वेळ जेट्टीवरच्या रांगेत काढतो. तुमच्यासाठी मी तीनच मुक्काम धरले आहेत: प्रथम श्रीविजयपुरम, म्हणजे २०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर, मग स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, आणि शेवटी शहीद द्वीप, म्हणजे नील. शेवटचे दोन दिवस पुन्हा श्रीविजयपुरमला राहायचे, कारण हवा बिघडली तर बोटी रद्द होतात आणि मग परतीचे विमान हुकते.

नागपूरहून थेट विमान नाही, कोलकात्याला बदलावे लागते आणि तिथून पुढे दोन-सव्वादोन तासांचा प्रवास आहे. एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवा: ही बेटे आपल्यापासून पूर्वेला बरीच दूर असूनही घड्याळ मात्र आपलेच चालते, त्यामुळे जानेवारीत तिथे पहाटे पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि सायंकाळी सव्वापाचच्या आत मावळतो. आईला पहाटे चारला उठायची सवय आहे, तिला हे वेळापत्रक मानवेलच. बाबांनी दुपारची झोप मात्र तीनच्या पुढे नेऊ नये, नाहीतर सूर्यास्त पाहायचा राहून जाईल.

पहिल्या दिवशी केवळ सेल्युलर जेल पाहा, दुसरे काही नको. १८९६ साली बांधकाम सुरू होऊन १९०६ साली पूर्ण झालेल्या या इमारतीला मधल्या मनोऱ्यापासून फुटणाऱ्या सात शाखा होत्या, त्यांपैकी आज तीनच उभ्या आहेत. एका शाखेचे दरवाजे पुढच्या शाखेच्या पाठीकडे येतील अशी रचना असल्याने एका कैद्याला दुसऱ्या कैद्याचे तोंडसुद्धा दिसत नसे. बाबा, तिथल्या कोठडीच्या दाराची कडी नीट पाहा. लोखंडी दांडा दारापासून दूर, भिंतीत कोरलेल्या खाचेत जाऊन अडकतो; गजांतून हात कितीही लांबवला तरी तिथवर पोहोचत नाही. मी स्वतः हात घालून पाहिला, आणि त्या एका कडीने मला वाचलेल्या पानांपेक्षा अधिक सांगितले. स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ ते १९२१ अशी दहा वर्षे या कारागृहात होते, आणि त्यांचे थोरले बंधू बाबाराव हेही येथेच शिक्षा भोगत होते. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर अगदी टोकाला आहे, म्हणून जिने चढावे लागतात. आईच्या गुडघ्यांना ते झेपेल असे वाटत नसेल तर तिने अंगणातल्या सावलीत बसावे, त्यात कमीपणा काही नाही. मधल्या मनोऱ्यात प्रांतवार कोरलेली राजबंद्यांची नावे आहेत, ती वाचायला वेळ ठेवा. कोलूची प्रतिकृतीही पाहा. बैलाने ओढायचा घाणा माणसांकडून ओढवून घेत आणि ठरलेले तेल निघाले नाही तर शिक्षा करीत. संध्याकाळी तिथे ध्वनी-प्रकाशाचा कार्यक्रम होतो, त्याचे हिंदी खेळाचे तिकीट आम्ही इथूनच काढून ठेवू.

दुसऱ्या दिवशी सकाळी छोट्या बोटीने जवळच्याच रॉस बेटावर जा, ज्याला २०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप म्हणतात. इंग्रजांचे सारे प्रशासन एके काळी तिथून चाले. आता चर्च, बेकरी, साहेबांचे बंगले असे सगळे पडके आहे आणि विटांच्या भिंतींना झाडांच्या मुळांनी आवळून धरले आहे. चढावर बॅटरीची गाडी मिळते, ती घ्या. शहरात चाथमची १८८३ सालची लाकूड गिरणी आहे. बाबांना सागवानाची पारख आहे, तेव्हा तिथले तांबूस पडौक लाकूड त्यांनी हात लावून पाहावे, असे मला वाटते.

तेथून स्वराज द्वीपाला जलद बोटीने दोन तासांच्या आत पोहोचता येते. राधानगर किनाऱ्याविषयी मी फोनवर बोलले होतेच, पण ते बोलणे अपुरे होते. तिथली वाळू बारीक आणि पांढरी असल्याने भर दुपारीही पायांना फारशी पोळत नाही, पाणी लांबवर उथळ आहे, आणि किनाऱ्याच्या पाठीशी समुद्री मोह्याची उंचच उंच झाडे उभी आहेत. आपल्या मोह्याच्याच कुळातली ती झाडे पाहून आईला नक्की आनंद होईल. किनारा पश्चिमेकडे असल्याने सूर्य थेट पाण्यात मावळताना दिसतो. साडेतीनला तिथे पोहोचा, जीवरक्षक असतात त्याच पट्ट्यात गुडघाभर पाण्यात उभे राहा आणि सूचनेचे फलक पाळा. काही खाड्यांत मगरी असतात म्हणून ते लावलेले आहेत. सूर्योदयासाठी पूर्वेकडचा कालापत्थर किनारा आहे, तो हॉटेलपासून रिक्षाने सहज होतो. एलिफंट बीचला मात्र जाऊ नका. तिथली गंमत पाण्यात डोके घालून प्रवाळ पाहण्यात आहे, बोटीची चढ-उतार उड्या मारत करावी लागते आणि गर्दी फार असते.

तुमचा सर्वांत मोठा मुक्काम शहीद द्वीपावर असावा, कारण ते बेट तुमच्यासाठीच असल्यासारखे आहे. बेट लहान आणि बरेचसे सपाट आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना सरकारने इथे वसवले, त्यांनी जंगल साफ करून शेती उभी केली, आणि आज आसपासच्या बेटांना भाजीपाला इथून जातो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात, सुपारी, नारळ, केळी आणि भाजीचे वाफे दिसतात. बाबांनी एखाद्या बांधावर थांबून चौकशी करावी. हिंदी सर्वांना येते, आणि पावसाचे पाणी साठवून पुढचे कोरडे महिने कसे काढतात हे ऐकण्यासारखे आहे. किनाऱ्यांची नावे लक्ष्मणपूर, भरतपूर, सीतापूर अशी आहेत. शाकाहारी जेवण इथे स्वराज द्वीपापेक्षा चांगले मिळाले. ताज्या भाजीची चव तिथल्या साध्या डाळ-भाताबरोबर फार छान लागते.

भरतपूरच्या किनाऱ्यावरून काचेच्या तळाची नाव घ्या. पोहता न येणाऱ्या माणसाला समुद्राचा तळ पाहायचा याहून सोपा मार्ग नाही. नावेत बाकांवर समोरासमोर बसायचे आणि मधल्या काचेवर वाकून पाहायचे, एवढेच. आधी नुसती वाळू दिसते, मग एकाएकी अक्रोडाच्या गरासारखे वळ्यावळ्यांचे प्रवाळ काचेखालून सरकू लागतात आणि त्यांच्या फटींतून निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे आत-बाहेर करतात. काही प्रवाळ पांढुरके पडलेले दिसतील. पाणी नेहमीपेक्षा तापले की प्रवाळांच्या अंगात राहणारे सूक्ष्म शैवाल निघून जाते आणि त्यांचा रंग उडतो. नाविकाला सांगितले तर तो जिवंत प्रवाळांवर थोडा अधिक वेळ नाव थांबवतो.

लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर प्रवाळी खडकाची एक नैसर्गिक कमान आहे. तिथे ओहोटीलाच जाता येते, आणि आई, इथे तुझे पंचांग कामी येईल: पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी सर्वांत दूर हटते, तेव्हा तो दिवस पाहूनच आपण शहीद द्वीपाच्या तारखा ठरवू. कमानीपर्यंतचे खडक शेवाळलेले आणि धारदार आहेत, म्हणून शेवटपर्यंत जाण्याचा हट्ट धरू नका. खरी मौज अलीकडच्या खळग्यांत आहे. ओहोटीनंतर त्यांत घोटाभर स्वच्छ पाणी राहते आणि त्यात समुद्रकाकडी हा काकडीसारखा दिसणारा काळा प्राणी निपचित पडलेला असतो, बोटभर खेकडे कडेने पळतात, आणि खडकात रुतलेला एखादा मोठा शिंपला आपले निळे-जांभळे ओठ उघडतो. सावली पडली की तो लगेच मिटतो. गावातली माणसे थोडे पैसे घेऊन हे सारे दाखवतात. असा एक माणूस बरोबर घ्याच, त्याला कुठे पाय ठेवावा हे ठाऊक असते. शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे मात्र उचलून आणू नका. प्रवाळ आणि अनेक शंख-शिंपल्यांना कायद्याचे संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.

बाराटांग बेटावरच्या चुनखडीच्या गुहांचा आग्रह तुम्हाला कोणी ना कोणी करील, त्याला नम्रपणे नाही म्हणा. मध्यरात्र सरताच निघावे लागते, पुढे होडी आणि पायपीट आहे. त्याहून मला खटकते ते हे की तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव अरण्यातून जातो. त्यांचे छायाचित्र घेणे, त्यांच्याशी संपर्क करणे कायद्याने गुन्हा आहे, तरी गाड्यांच्या ताफ्यातून माणसे काचेला नाक लावून त्यांनाच शोधत असतात. आम्ही गेलो नाही, आणि तुम्हीही जाऊ नये असे मला वाटते.

औषधांविषयी थोडे. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, जास्तीच्या दोन आठवड्यांच्या घ्या, आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांना एकदा दाखवून या. बोट लागू नये म्हणून कोणती गोळी चालेल हेही त्यांनाच विचारा. बोटीत खालच्या मजल्यावर मध्यभागी बसा, तिथे हेलकावे कमी जाणवतात. रोख रक्कम जवळ असू द्या, कारण बेटांवर मोबाइलचे नेटवर्क अधूनमधून जाते आणि मग पैसे भरता येत नाहीत. स्वेटर विमानापुरताच. रबरी तळव्याचे कॅनव्हासचे बूट आणि रुंद काठाच्या टोप्या आपण बर्डीच्या बाजारात घेऊ, त्यासाठी निघायच्या दोन दिवस आधीच नागपूरला या.

आता मला दोनच गोष्टी कळवा. बाग ताणावर कधी सोडणार आणि पाणी कधी द्यायचे, ते बाबांनी सांगावे. आणि आईने त्या पंधरवड्यातल्या तिथी पाहून ठेवाव्यात. रविवारी रात्री फोन करते. तारखा ठरल्या की नागपूर ते श्रीविजयपुरम असे एकाच पीएनआरवर तिकीट काढीन, म्हणजे कोलकात्याला सामान उतरवून पुन्हा चढवण्याची दगदग तुम्हाला पडणार नाही.

तुमची,
लेक