भूजलाचा अभ्यास गावाला बरोबर घेऊन व्हावा

माननीय संपादक महोदय,
स. न.

काही वर्षांपूर्वी एका अभ्यास पथकाने आमच्या गावातील विहिरी दोन हंगाम मोजल्या, घरोघरी प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि ते निघून गेले. त्या मोजणीतून काय निष्पन्न झाले, हे ज्यांच्या विहिरी होत्या त्यांना आजतागायत समजलेले नाही. अभ्यास चुकीचा होता असे माझे म्हणणे नाही. गावाचे काम त्यात केवळ माहिती पुरवण्याचे होते, ही माझी खंत आहे.

भूजलाच्या बाबतीत ही रीत शास्त्रालाही तोट्याची आहे. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग बेसाल्ट खडकाचा असून, त्यात पाणी भेगांमध्ये, झिजलेल्या मुरमात आणि थरांच्या सांध्यांत साठते. म्हणूनच एक विहीर मार्चपर्यंत टिकते आणि हाकेच्या अंतरावरची दुसरी दिवाळीनंतर लगेच तळ गाठते. खडक किती हातांवर लागला, कोणत्या अंगाचा झरा आधी आटतो, शेजारचा बोअर सुरू झाला की पाणी किती उतरते, हे रोज मोटर चालवणाऱ्या शेतकऱ्याला ठाऊक असते. भूवैज्ञानिकाने जलधराचा, म्हणजे जमिनीखाली पाणी साठवणाऱ्या खडकथराचा, नकाशा मांडताना हे ज्ञान धरले नाही, तर नकाशा अपुरा राहतो. आणि नकाशाच नसेल, तर शेतकऱ्याला आपल्या बांधापलीकडचे पाणी दिसत नाही.

दोघांनी मिळून काम केल्याची उदाहरणे आहेत. आंध्र प्रदेशात २००३ नंतर काही वर्षे चाललेल्या भूजल प्रकल्पात सात जिल्ह्यांतील शेतकरी स्त्री-पुरुष स्वतः पाऊस आणि विहिरींची पातळी नोंदवत आणि रब्बीच्या तोंडावर पिकांना लागणाऱ्या पाण्याचा हिशेब एकत्र बसून मांडत. हिवरे बाजारची ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकांचा विचार करते, आणि शेतीसाठी बोअर घेण्यास तेथे बंदी आहे.

मात्र ‘गाव’ म्हणताना जपून बोलावे लागते. विहीर असलेला, नसलेला, भूमिहीन, आणि उन्हाळ्यात हंडा घेऊन वणवण करणारी बाई यांचे हित एक नसते. विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर आमच्याच पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली, तेव्हा पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता माणशी ठरवला, भूमिहीनांनाही त्यात हक्क दिला आणि उसाला पाणी नाकारले. पाणी किती आहे हे शास्त्र सांगू शकते. ते कोणाला किती मिळावे, हा निर्णय मापनयंत्र देत नाही. त्यामुळे अभ्यासाचा प्रश्न ठरवण्याच्या पहिल्या बैठकीतच या सर्वांना स्थान हवे, निष्कर्ष हाती आल्यानंतरच्या सभेत नव्हे.

अटल भूजल योजनेत राज्याच्या १३ जिल्ह्यांतील ग्रामपंचायतींनी जलसुरक्षा आराखडे करावेत, अशी अपेक्षा ठेवली गेली, हे स्वागतार्ह आहे. परंतु असा आराखडा बाहेरच्या माणसाने बसून लिहिला आणि ग्रामसभेने फक्त सह्या केल्या, तर तो कपाटातच राहील. संशोधनाला निधी देणाऱ्यांनी गावात वारंवार येण्याचा वेळ आणि नोंदी घेणाऱ्या ग्रामस्थांचे मानधन अंदाजपत्रकातच धरावे. तसेच निष्कर्ष सोप्या मराठीत ग्रामसभेत वाचून दाखवल्याशिवाय अखेरचा हप्ता देऊ नये, अशी माझी विनंती आहे. मोजलेल्या प्रत्येक विहिरीच्या पातळीची प्रत चावडीवर लावणे, एवढे तर याच रब्बीपासून सुरू करता येईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक
ता. पुरंदर, जि. पुणे