उद्यानातल्या ओढ्याला भिंत नको, उतार द्या

मा. संपादक,

उद्यानातून वाहणाऱ्या ओढ्याचे ‘सुशोभीकरण’ निघाले की कामाची तऱ्हा ठरलेली असते. जेसीबीने पात्र खरवडायचे, दोन्ही काठांना आरसीसी भिंत उभी करायची, तळाला काँक्रीट ओतायचे आणि वर जॉगिंग ट्रॅक. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने पुण्यात जो हाहाकार केला, त्यानंतर लोकांनी सीमाभिंती मागितल्या तर नवल नाही. घराची भिंतच ओढ्याला टेकली असेल तर दुसरा इलाजही उरत नाही. पण उद्यानात मोकळी जागा असते. तिथेही भिंतच बांधली की पाणी कोंडून वेग घेते आणि खालच्या वस्तीत आधी पोहोचते.

हिशेब सोपा आहे. १०० हेक्टर पाणलोटावर ताशी ५० मिलिमीटर पाऊस पडतो आहे असे धरा. गवताळ टेकडीवरून त्यातला ३० टक्के वाहून आला, तर ओढ्यात सेकंदाला सुमारे ४ घनमीटर पाणी येते. तीच जमीन इमारती-रस्त्यांनी झाकली आणि ८० टक्के वाहू लागला, तर ११ घनमीटर. हे वाढीव पाणी तासभर अंगावर घेणे, हे उद्यानाचे काम. त्यासाठी काठाचा उतार एकास तीन हवा. ओढा २ मीटर खोल असेल तर प्रत्येक बाजूला ६ मीटर जागा सोडावी लागते. शेजारची हिरवळ अर्धा मीटर खाली घेतली तर पूर तिथे पसरतो. मात्र एका-दोन दिवसांत तिचा निचरा झालाच पाहिजे, नाहीतर डासांची पैदास ठरलेली.

सिंगापूरच्या बिशान उद्यानात कलांग नदीचा २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीट कालवा फोडून २०१२ मध्ये ३.२ किलोमीटरची वळणदार नदी केली. तिथे काठ बांधण्याच्या पद्धती आधी एका छोट्या पट्ट्यात करून पाहिल्या, मग मोठे काम काढले. आपल्याकडे ही पायरीच गाळली जाते. तिथली नदी मात्र जशीच्या तशी इथे आणता येणार नाही. तिथे बारमाही पाऊस आहे, आपला ओढा चार महिन्यांचा. उन्हाळ्यात तो आटतो हा त्याचा दोष नव्हे. पंपाने पाणी फिरवून त्याला बारमाही भासवणे हा निव्वळ वीजबिलाचा कार्यक्रम. दोन-तीन डोह राखले तरी पुष्कळ.

एप्रिलमध्ये ओढा वाहत असेल तर ते बहुधा सांडपाणी असते. ड्रेनेजची लाईन अनेकदा पात्रातूनच गेलेली असते, चेंबर तुंबून फुटतात आणि इकडे कारंज्यांचे अंदाजपत्रक मंजूर होते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! सकाळी सहा ते नऊ, घरोघरी पाणी वापरात असताना, उगमाकडे चालत जाऊन प्रत्येक पाइपाचे तोंड नोंदवावे. ते पाणी अडवून मलवाहिनीत वळवल्याशिवाय एक रोपही लावू नये. मासे टिकायला लिटरला किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू लागतो आणि सांडपाण्यात तो उरत नाही.

मग तळ. पात्र खचत असेल तर अनघड दगडी बांध घालावेत, पण अंतर मोजून. वरच्या बांधाचा पाया आणि खालच्या बांधाचा माथा एका पातळीत यावा. म्हणजे २ टक्के उतारावर ६० सेंटिमीटर उंचीचे बांध ३० मीटरवर. बांधाचा मध्य कडांपेक्षा २० सेंटिमीटर खाली ठेवावा आणि दोन्ही टोके काठात अर्धा मीटर शिरवावीत. हे चुकले की पाणी बांधाला वळसा घालून काठ पोखरते. बांध फुटण्याआधी असा बाजूने सुटतो, आणि दोष दगडांना दिला जातो. गॅबियन, म्हणजे दगड भरलेल्या तारेच्या जाळीच्या पेट्या, घालताना मागे गाळणीचे कापड विसरले तर माती जाळीतून निघून जाते आणि मागे पोकळी राहते.

काठावर काथ्याची जाळी अंथरावी. वरची कड ३० सेंटिमीटर चरात पुरावी, चौरस मीटरला दोन-तीन खुंट्या ठोकाव्यात आणि वरच्या अंगाच्या पट्टीची कड खालच्या अंगाच्या पट्टीवर चढवावी. ढेकळांवर ताणून बसवलेली जाळी निरुपयोगी, कारण पाणी तिच्याखालून पळते. काथ्या काही वर्षांत कुजतो, तोवर मुळांनी माती धरली पाहिजे. वाळ्याचे ठोंब ओळीत १५ सेंटिमीटरवर लावावेत. दाट सावलीत मात्र वाळा टिकत नाही. पाण्यालगत वाळुंज आणि शेरणी, वर करंज, उंबर, जांभूळ. सुबाभळीची रोपे दिसली की उपटावीत.

खोदकाम मेअखेर संपवून लागवड जूनच्या पहिल्या पावसात व्हावी, म्हणून निविदा दिवाळीनंतर लगेच निघायला हवी. मार्च संपताना निधी खर्ची टाकण्यासाठी काढलेले काम मातीचे काठ उघडे टाकून पावसात सापडते.

देखभालीत काठापासून ३ मीटर गवत कापू नये. गाळ एकदम सगळ्या पात्रातून न काढता एका वर्षी एका डोहातून काढावा. आणि कल्व्हर्टच्या, म्हणजे रस्त्याखालच्या मोरीच्या, तोंडाशी अडकलेल्या फांद्या, थर्माकोल, गाद्या प्रत्येक मोठ्या पावसाआधी उपसाव्यात. ओढा बहुतेक वेळा तिथेच तुंबतो, पात्रात नाही.

— ओढ्यांच्या कामातले काही वाचक, पुणे